परवाना माझ्या नावाचा, बंदूक कोणाची?

प्रति,
राज्याच्या वन खात्यात वन्यजीवांचं धोरण ठरवणारे सर्व वरिष्ठ अधिकारी,
आणि ज्यांच्या सहीने रानडुक्कर मारण्याचे परवाने निघतात ते सर्व साहेब.

प्रत माहितीसाठी: शनिवारी रात्री जीपला फोकस बांधून आमच्या शिवारात येणारे हौशी पाहुणे. त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही, आमचा मात्र त्यांना पाठ आहे.

साहेब, स. न. वि. वि.

२०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास मला तुमच्या खात्याचा एक कागद मिळाला. पिकाचं नुकसान करणारी रानडुकरं मारण्याचा परवाना. अर्ज केला, गार्ड वावरात आला, लोळवलेला मका पाहून गेला, पंचनामा झाला आणि सही-शिक्क्याचा कागद हातात पडला. कोणी हेलपाटे घालायला लावले नाहीत, उलट चहा पाजला. माणसांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या कागदाबद्दल. तो खिशात घालून मी रात्री बांधावर उभा राहिलो, तेव्हा माझ्याजवळ एक कोयता होता, एक बॅटरी होती आणि मोत्या नावाचा कुत्रा होता. समोर मक्यात सतरा-अठरा डुकरं कणसं मोडत होती. त्यांना कागद दाखवला असता, पण अंधार होता.

माझं गाव गौताळ्याच्या पायथ्याला आहे. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, कन्नड आणि चाळीसगावच्या मधे हे रान पसरलं आहे. खाली काळा कातळ, वर साग, सालई, धावडा, अंजन. कुठे दहा पावलांवर सरळ कडा तुटलेला, कुठे घळीत दुपारीही उजेड पोचत नाही. पितळखोऱ्याची लेणी याच रानात, अंतूरचा किल्ला याच रांगेवर. १९८६ साली हे अभयारण्य झालं, क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर. माझं वावर हद्दीच्या बाहेर आहे, पण हद्द मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे. डुकराला आणि रोह्याला, म्हणजे नीलगाईला, कोणी सांगितलेली नाही.

ज्याने डुकराचं नुकसान पाहिलेलं नाही त्याला वाटतं, जनावर पोटापुरतं खाऊन जात असेल. तसं नसतं. मक्याचा दाणा दुधात आला की कळप शिरतो, ताट अंगाखाली घेऊन आडवं पाडतो, एक कणीस चावतो आणि चार तुडवतो. अद्रकीच्या वाफ्यात तर नांगर घातल्यासारखं दिसतं. एका वेताला चार-सहा पिल्लं, गाभणकाळ चार महिन्यांच्या आतबाहेर. म्हणजे मी कर्ज फेडायच्या आत त्यांचं खटलं वाढलेलं असतं. रोही तुलनेनं सभ्य, हरभऱ्याचे शेंडे तेवढे खुडून जातो. दोनशे किलोचा सभ्य माणूस म्हणा.

तर बंदूक. गावात एकच, एका निवृत्त फौजीची बारा बोअर. त्यांच्याकडे गेलो तर ते हसले. विधानसभेची आचारसंहिता लागली होती, बंदूक ठाण्यात जमा. तुमच्या खात्याने मला मारायची परवानगी दिली त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्याने तालुक्यातल्या बंदुका गोळा केल्या. दोघांचंही चूक म्हणता येत नाही. पण मका उभाच होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. आमच्या आज्याच्या पिढीत अशा बंदुका गावोगाव होत्या. म्हातारे गेले, परवाने वारसांच्या नावावर करायची दगदग पोरांनी घेतली नाही, बंदुका जमा झाल्या त्या झाल्याच. आता परवाना आहे आणि हत्यार नाही, अशी आमची गत.

निवडणूक आटोपली. कागदाची मुदत मी वाढवून घेतली होती. एका ओळखीच्या माणसाने शहरातले दोन पाहुणे आणले. जीप, टपावर फोकस, दुर्बीण लावलेली बंदूक, थर्मासमध्ये कॉफी. कागदावर माझं नाव, बंदुकीवर त्यांचं, हे नियमात कितपत बसतं ते मी विचारलं नाही. ती माझी चूक, लिहून देतो. रात्री अकराला फोकस फिरला, नाल्याच्या काठावर काहीतरी हललं आणि बार झाला. कळप फुटला, एक जनावर किंचाळलं आणि डोंगराकडे गेलं. पाहुणे म्हणाले, लागलंय, सकाळी बघू. सकाळी त्यांना ऑफिस होतं.

सकाळी मी एकटा गेलो. आज्याने लहानपणी शिकवलं होतं म्हणून गेलो, नाहीतर मीही घरी बसलो असतो.

आमचा आजा हाक्याला जायचा. निजामाच्या राज्यात, १९४८ च्या आधीची गोष्ट. कुठूनतरी बडे पाहुणे यायचे, गावच्या पाटलाला निरोप यायचा, आणि चाळीस-पन्नास माणसं डबे, ढोल, पत्रे घेऊन डोंगर वेढायची. मजुरी कधी मिळायची, कधी नुसता शिधा. मचाणावरच्या माणसाने फक्त बार काढायचा. जनावर कोणत्या सोंडेवरून उतरणार, कोणत्या पाणवठ्यावर पहाटे येऊन गेलं, दोन्ही बाजूंनी निसटू नये म्हणून कोणत्या झाडावर माणूस बसवायचा आणि त्याने नुसती टाळी वाजवून जनावर कसं वळवायचं, हे सगळं हाकेवाल्यांचं काम. आजा म्हणायचा, "वारं तोंडावर घ्यावं. पाठीवर घेतलं की डुकराला तुझं नाव-गाव कळालंच समज." डुकराची नजर बेताची, नाक मात्र जबर. डोंगरात दिवसा ऊन तापलं की वारं खोऱ्यातून वर चढतं, रात्री गार पडलं की वरून खाली उतरतं. एवढं ज्याला माहीत नाही त्याने डोंगरात बंदूक घेऊन फिरू नये, स्वतःसाठीच.

दुसरं त्याचं म्हणणं असं, "बार उडाला म्हंजी अर्धंच काम झालं." रक्त वाचता आलं पाहिजे. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसात लागलंय, जनावर जवळच पडेल. काळपट लाल असेल तर काळीज, थोडं थांबून जावं. रक्तात हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलंय. मग तासन्‌तास हलायचं नाही, कारण मागे लागलं की ते पळत राहतं, आणि बसू दिलं तर कडक होऊन एका जागी मरतं. जखमी जनावर रानात सोडून घरी येऊन जेवायला बसणं त्याला पटायचं नाही. त्याच्या सोबतीच्या एका हाकेवाल्याची मांडी अशाच अर्धवट लागलेल्या नराने फाडली होती. सुळा चाकूसारखा चालतो. नराच्या खांद्यावर कातड्याखाली एवढा जाड, चिवट थर असतो की छर्रे तिथेच अडकतात. जनावर मरत नाही, फक्त चिडतं. बार काढणारे पाहुणे तोवर बंगल्यावर गेलेले होते. माझ्या पाहुण्यांचं आणि त्यांचं एवढं जुळलं.

मला सापडलेल्या रक्तात हिरवट घाण होती. नाल्यावरून ते टाकळ्यात, टाकळ्यातून कपारीकडे. दुपारपर्यंत काढलेला माग खडकावर तुटला. तिसऱ्या दिवशी वासावरून सापडलं. मादी होती, पोटात पिल्लं. गार्डला फोन केला, पंचनामा झाला, जाळून टाकलं. कायद्याच्या ३९ कलमाप्रमाणे ती सरकारची मालमत्ता होती, हे त्या दिवशी मला कळलं. तीन दिवस माझ्या शिवारात कुजत होती तेव्हाही असणार.

साहेब, माझं म्हणणं याच्यापुढे सुरू होतं. शिकार हे काम आहे. तुम्ही त्याचा परवाना करून टाकलात आणि पाहुण्यांनी त्याची हौस केली. काम म्हणून त्याकडे कोणी पाहिलंच नाही. आणि ज्याला ते काम येत होतं त्याचं नाव कधी कुठे लिहिलं गेलं नाही.

आमच्याच डोंगररांगेतली सगळ्यात प्रसिद्ध शिकार घ्या. १८१९ सालच्या एप्रिलमध्ये मद्रास फौजेचा जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरला आणि झाडीने झाकलेली अजिंठ्याची लेणी त्याच्या नजरेला पडली. दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, २८ एप्रिल १८१९. एका गुराख्याच्या पोराने त्याला वाट दाखवली अशी कथा सांगतात. कथा खरी धरली तर त्या पोराला लेणी आधीच माहीत होती, आणि वाघ कुठे बसतो तेही. त्याचं नाव कुठल्या खांबावर नाही. वाघाचं काय झालं तेही कोणी सांगत नाही. कन्नडहून खाली उतरणाऱ्या घाटाला आजही औट्रमचं नाव आहे. हा जेम्स औट्रम १८२५ मध्ये खानदेशात आला, भिल्लांची पलटण उभी केली आणि वाघाच्या शिकारीसाठी गाजला. भिल्ल त्याच्या धाडसावर लुब्ध होते असं इंग्रज लिहितात. असतीलही. पण वाघापर्यंत त्याला कोणी नेलं असेल हे सांगायला इंग्रजाची गरज नाही.

आणि पारधी. मराठवाड्यात ज्यांच्याइतका माग कोणाला काढता येत नाही, ज्यांना वाघर म्हणजे शिकारीचं जाळं आणि फास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्यांना १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का पुसला, आणि अजून रानात पारध्याचं पोरगं दिसलं की आधी संशय येतो. जीपवाल्या पाहुण्यांचा संशय येत नाही. त्यांना वाट विचारली तर आम्ही दाखवतो.

आता ज्यासाठी नाव लपवलं ते सांगतो. त्या हिवाळ्यात मी तार लावली.

कशी लावतात ते इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी शिकू नये. आमच्या भागात शेतीची लाईट पाळीपाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्या रात्री लाईट त्याच रात्री माणसं पाणी भरायला वावरात, आणि त्याच रात्री तारेत करंट. दरवर्षी कुठे ना कुठे माणूस चिकटल्याची बातमी येते. बऱ्याचदा शेजारी, कधी स्वतः तार लावणारा. बिबट्याही असाच जातो, तरसही. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी लावली, कारण अद्रकीच्या बेण्याचं कर्ज होतं, खिशातला परवाना कामाचा नव्हता आणि पाहुण्यांना पुन्हा बोलवायची हिंमत नव्हती. एकच रात्र लावली. पहाटे मोत्या चिकटलेला सापडला. त्याच्या आधी अर्धा तास बायको त्याच वाटेने चहा घेऊन येणार होती, पण दूध नासलं म्हणून थांबली होती. तार काढली ती काढलीच. गुन्हा केला हे कबूल आहे. तुमचा कागद आणि माझी तार यांच्यामध्ये आणखी काही असतं तर केला नसता, हेही तेवढंच कबूल करून घ्या.

तुमच्याकडे याचं एक उत्तर आहे, झटका मशीन. जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, चांगलं आहे. झटका बसतो, जीव जात नाही. पण एकट्याने लावलं की कळप शेजाऱ्याच्या वावरात जातो आणि शेजारी करंटची तार लावतो. द्यायचं तर सबंध शिवाराला द्या, डोंगराच्या कडेने एकच ओळ, आणि तिच्याखालचं गवत कापायला गावाचा एक माणूस पगारावर. गवत टेकलं की झटका मरतो, हे मशीन विकणारा सांगत नाही.

तरीही काही जनावरं मारावी लागतील. मी अहिंसेचं पत्र लिहायला बसलेलो नाही. कुंपण शिकलेला, उजाडेपर्यंत मक्यात बसणारा नर असतो, त्याला दुसरा इलाज नाही. माझं मागणं एवढंच की ते मारणं तुमच्या खात्याने स्वतःच्या अंगावर घ्यावं. तालुक्याला एक छोटं पथक असावं. नेमबाज खात्याचा किंवा खात्याने परीक्षा घेऊन नेमलेला, आणि त्याच्याबरोबर दोन मागकरी गावातले, रोजंदारीवर, हजेरीपटावर नाव असलेले. पारधी असतील, ठाकर असतील, भिल्ल असतील, माझ्यासारखा हाकेवाल्याचा नातूही चालेल. बार मचाणावरूनच काढावा, म्हणजे चुकलेली गोळी जमिनीत जाते, पलीकडच्या वस्तीत नाही. छर्रे तीस-चाळीस मीटरच्या पुढे वापरू नयेत. फोकसवर डोळे दिसले म्हणून बार काढायची मुभा कोणालाच नको, कारण बिबट्याचे डोळे चमकतात आणि माझ्या बैलाचेही. आणि जखमी जनावराचा माग लागेपर्यंत पथक गाव सोडणार नाही, ही अट कागदावर पहिली लिहा. आज कागदावर जनावरांची संख्या असते, मुदत असते, जखमीचं काय करायचं यावर माझ्या कागदात तरी एक ओळ नव्हती.

केरळने २०२२ मध्ये रानडुकराबाबतचे अधिकार पंचायतींना दिले. ते इथे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. आमच्या पंचायतीत परवानगी कोणाच्या वावराला आधी मिळेल ते मी आजच सांगू शकतो. पण निर्णय गावाजवळ आला, हा भाग घेण्यासारखा. बिहारमध्ये २०१६ साली बाहेरून नेमबाज आणून मोकाम्याच्या भागात दोनशेहून अधिक रोही मारले, त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांची जुंपली. मंत्री भांडून मोकळे झाले, नेमबाज परत गेले. तसं नको. एकदा येऊन ढीग पाडून गेलेला माणूस पुढच्या भादव्यात कुठे असतो?

आणखी एक कुजबुज मध्येमध्ये कानावर येते. शौकिनांकडून पैसे घेऊन रोह्या-डुकराची शिकार खुली करा, गावालाही उत्पन्न होईल. कृपा करून याला हात लावू नका. पैसे देऊन आलेला माणूस मोठा सुळा मागणार, मोठं शिंग मागणार. माझं वावर लोळवणाऱ्या मादीचं त्याला काय? आणि हंगामाचे पैसे एकदा गावात येऊ लागले की डुकरं कमी व्हावीत असं गावालाच वाटेनासं होईल. आमची परीक्षा इतकी घेऊ नका.

वाघाबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरातून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत. आमच्या रानात कित्येक दशकांनी. पहिल्या महिन्यात आम्ही संध्याकाळी पाचलाच घरी, नंतर सवय झाली. डिसेंबर २०२४ मध्ये तसाच एक टिपेश्वरचा वाघ खाली बालाघाटात, धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात उतरला. ते अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. त्याने गुरं मारली, त्याला पकडून सह्याद्रीत न्यायचं ठरलं, पथकं महिनोन्‌महिने फिरली आणि तो हाती लागला नाही. तिकडच्या शेतकऱ्यांची भीती मी समजतो, त्यावर इथून काही बोलणार नाही. पण गौताळ्याचं सांगतो. रानात डुक्कर आणि रोही आहे म्हणून इथे वाघाला गोठ्यापर्यंत यायची गरज कमी. म्हणून अभयारण्याच्या आतलं एकही डुक्कर कोणी मारू नये, आम्ही मागितलं तरी देऊ नये. ते त्याचं धान्य आहे. आमचं भांडण बांधावरच्या कळपाशी आहे, आणि बांधापुरतंच ठेवायला तुमची मदत हवी. आज होतं ते उलटं. तारेचे फास, पेरलेले गावठी बॉम्ब, फोकसवरचे बार, हे सगळं बांध आणि रान यात फरक करत नाही. त्यात वाघ आला की मग हेलिकॉप्टर सोडून सगळं येतं.

जीपवाल्या पाहुण्यांनो, तुम्हालाही दोन ओळी. शिकारीची खरंच आवड असेल तर एकदा बंदूक घरी ठेवून या. पहाटे साडेचारला निघू. रात्रीच्या मागावरून नर की मादी, एकटी की पिल्लं सोबत, किती वेळापूर्वी गेली, हे सांगून दाखवा. मला दहात सहा वेळा जमतं, आज्याला दहाच्या दहा जमायचं. त्या तिसऱ्या दिवशीच्या मादीबद्दल तुम्ही मला अजून विचारलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

साहेब, तो कागद माझ्या ट्रंकेत आहे, सातबाऱ्यासोबत. मुदत संपली. यंदा मका वेळेवर पेरलाय, भादव्यात दाणा दुधात येईल. गार्ड पंचनाम्याला येईलच, त्याच्यासोबत बंदूक चालवता येणारा एक माणूस पाठवा. माग काढायला मी येतो. हजेरीपटावर मात्र नाव लागेल, तेव्हा सांगेन.

आपला,
गौताळ्याच्या पायथ्याचा एक शेतकरी